मागच्या वायरी

कॉम्प्युटर चालू व्हायला फार वेळ लागतो म्हणून कोणी बोलावलं, की मी पडद्याकडे नंतर बघतो. आधी टेबल पुढे ओढून मागची बाजू बघतो. किती वायरी आहेत, कोणती कुठे जाते, कोणती हलवली की दिवा लुकलुकतो, कुठल्या पोर्टात धूळ बसली आहे, हब लावला आहे का, आणि लावला असेल तर त्याला स्वतःचा अडॅप्टर आहे का. घरातल्यांना हे जरा विचित्र वाटतं. व्हायरस शिरलाय किंवा मशीन म्हातारं झालंय, असं त्यांनी मनाशी ठरवूनच मला फोन केलेला असतो. कधीकधी तसंही निघतं. पण फरीज बिन ओमरानमधल्या घरांत काम करून माझं मत असं झालं आहे, की सुरू होण्यातला उशीर पुष्कळदा या मागच्या वायरींमधूनच येतो.

बिन ओमरान हा दोह्यातला जुना, दाट वस्तीचा भाग. घरांच्या निळ्या पाट्यांवर झोन 37, मग रस्त्याचा आणि इमारतीचा क्रमांक. 1982 साली सुरू झालेलं हमद जनरल हॉस्पिटल शेजारीच असल्यामुळे नर्स, लॅब टेक्निशियन, फार्मासिस्ट यांची बिऱ्हाडं इथे भरपूर. केरळी, फिलिपिनो, तमिळ, आणि त्यांत आपली सांगली, कोल्हापूर, रत्नागिरीकडची माणसं. ड्युट्या पाळीच्या, त्यामुळे फोन कधीही येतो, पण गुरुवारी संध्याकाळी हमखास, कारण शुक्रवारची सुट्टी. घर लहान, टेबल एकच, आणि त्या एका टेबलावर सगळ्या कुटुंबाच्या गरजा. कतार आयडी, पासपोर्ट, मुलांचे दाखले यांच्या प्रती काढायला प्रिंटर-स्कॅनर. 10 मार्च 2020 पासून इथल्या शाळा बंद झाल्या तेव्हा घेतलेला वेबकॅम आणि हेडसेट. बाहेरचा कीबोर्ड, कार्ड रीडर, यूएसबी स्पीकर. आणि जवळजवळ प्रत्येक घरी एक एक्स्टर्नल हार्ड डिस्क, गावाकडचे आणि मुलांचे फोटो साठवलेली.

म्हणून ‘सगळं काढून टाका, मशीन पळायला लागेल’ हा सल्ला मला पटत नाही. तो देणं सोपं आहे, पण त्या टेबलावरची एकही वस्तू उगाच आलेली नसते. शिवाय तांत्रिकदृष्ट्याही तो अर्धवट आहे. लोकांची कल्पना अशी, की जितक्या वस्तू जोडल्या तितका बोजा वाढला आणि मशीन तेवढं मंदावलं. प्रत्यक्षात धडधाकट वस्तूचा बोजा फार थोडा असतो. यूएसबीच्या नियमाप्रमाणे वस्तू जोडलेली दिसली, की संपर्क स्थिर होण्यासाठी 100 मिलिसेकंद थांबायचं, मग तिला रीसेट करायचं, तिला एक क्रमांक द्यायचा आणि ती कोण आहे ते विचारायचं. तिची पहिली ओळख अवघ्या 18 बाइटांत मावते. माउस, कीबोर्ड, वेबकॅम, स्पीकर ही सगळी मंडळी हे सोपस्कार अर्ध्या-एक सेकंदाच्या आत उरकतात. शाळेत हजेरी घेताना ‘हजर’ म्हणणाऱ्या मुलांमुळे तास वाया जात नाही. एक मुलगा बाकावर बसलेला दिसतो पण ओ देत नाही, तिथे गुरुजी अडतात. वस्तू जोडलेली दिसते, विचारलेल्याचं उत्तर मात्र येत नाही, तेव्हा एकेका विनंतीसाठी पाच सेकंदांपर्यंत थांबण्याची मुभा नियमात आहे. असे तीन-चार प्रयत्न झाले, की पंधरा-वीस सेकंद गेलेच. दहा चांगल्या वस्तू मिळून जेवढा वेळ खात नाहीत, तेवढा एक अर्धमेली वस्तू खाते. मी शोधत असतो ती ही वस्तू.

हे मला यूएसबी येण्याच्या आधीच कळलं होतं. नव्वदच्या दशकात मी मुंबईत लॅमिंग्टन रोडवर हाताखाली काम शिकलो. त्या रस्त्याचं नाव पाटीवर डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग, पण कॉम्प्युटरवाल्यांच्या तोंडी तो लॅमिंग्टनच. तेव्हा डीटीपीवाल्यांचे स्कॅनर स्कझी कार्डावर चालत. मशीन चालू केलं, की त्या कार्डाचा वेगळा पडदा यायचा आणि ते एकेका क्रमांकाला हाक मारत जायचं. ज्या क्रमांकावर कोणीच नाही, तिथे पाव सेकंद थांबून पुढे. म्हणजे रिकाम्या जागा स्वस्तात सुटायच्या. महाग पडायचा तो चुकीच्या टर्मिनेटरमुळे अर्धवट बोलणारा स्कॅनर. हार्ड डिस्कचंही तेच. एका केबलवर दोन डिस्क, पहिली मास्टर आणि दुसरी स्लेव्ह, हे ठरवणारे जंपर असत. डिस्कच्या जंपरने सांगितलं की शेजारी स्लेव्ह आहे, आणि प्रत्यक्षात स्लेव्ह नसला, तर मास्टर बिचारा त्याची वाट बघत बसायचा. नियमात त्यासाठी 31 सेकंदांपर्यंतची मुदत होती, कारण त्या काळच्या डिस्कना फिरून स्थिरावायला खरोखरच वेळ लागे. काळा पडदा, पांढरा कर्सर आणि अर्ध्या मिनिटाची शांतता. गिऱ्हाईक घाबरून जायचं. आमचे उस्ताद दुरून ती शांतता ऐकूनच म्हणायचे, ‘जंपर बघ रे.’ किती वेळ थांबलं यावरून कोणासाठी थांबलं ते ओळखायचं, ही या धंद्यातली पहिली विद्या मी तिथे शिकलो आणि ती अजून चालते.

यूएसबीने त्या जाचातून सोडवलं हे मी मनापासून मानतो. आधी प्रत्येक वस्तूचं तोंड वेगळं होतं: प्रिंटरचं पॅरलल, मोडेमचं सिरियल, कीबोर्डचं गोल. काही जोडायचं तर मशीन बंद करा, जोडा, पुन्हा चालू करा. 16 इंटरप्ट लाइनी, त्यातली एक दोन चिपांना जोडण्यात खर्ची पडलेली, उरलेल्यांवर साउंड कार्ड आणि मोडेमची भांडणं. इंटेलमध्ये ज्या चमूने यावर उपाय काढला त्यात अजय भट्ट होते, बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठातून इंजिनिअर होऊन अमेरिकेला गेलेले. बडोदा मराठी माणसाला परकं नाही, म्हणून मला त्याचं अधिक कौतुक. जानेवारी 1996 मध्ये यूएसबी 1.0 आली. 2013 साली भट्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांना युरोपियन इन्व्हेंटर अवॉर्ड मिळालं. एका कंट्रोलरवर 127 वस्तू, चालू मशीनला जोडा, चालू मशीनमधून काढा. आजच्या मुलांना यात नवल वाटत नाही.

पण ‘जोडलं की चाललं’ हे म्हणण्याइतकं सोपं कधीच नव्हतं. 20 एप्रिल 1998 रोजी शिकागोच्या कॉम्डेक्स प्रदर्शनात बिल गेट्स मंचावर असताना ख्रिस कापोसेला यांनी विंडोज 98 च्या मशीनला स्कॅनर जोडला आणि हजारोंच्या समोर निळा पडदा आला. लोक अजून त्यावर हसतात. मला त्या प्रसंगात वेगळंच दिसतं. कोण कुठली वस्तू येईल, तिचा ड्रायव्हर कोणी लिहिलेला असेल, ती किती विजेची मागणी करेल, यातलं काही ठाऊक नसताना तिला घरात घ्यायचं, हे कॉम्प्युटरला करायला लावलेल्या सगळ्यात अवघड कामांपैकी एक आहे. सुरू होताना तर ते आणखी अवघड, कारण तेव्हा विंडोज आलेलंच नसतं. बायोस किंवा आता यूईएफआय म्हणतात ती मदरबोर्डवरची छोटी प्रणाली एकटी असते. कीबोर्ड यूएसबीवर असू शकतो, बूट होण्याची डिस्कही यूएसबीवर असू शकते, म्हणून तिला प्रत्येक पोर्टात डोकावून बघावंच लागतं.

यावरून एका ताईंच्या घरचं काम सांगतो. हॉस्पिटलात नर्स, माहेर सांगलीकडचं. दारातच म्हणाल्या, ‘दादा, काहीही करा, पण हार्ड डिस्क काढायची म्हणू नका. पोरीच्या बारशापासूनचे फोटो आहेत त्यात.’ मशीन चालू केलं की नुसता कंपनीचा लोगो यायलाच मिनिटाच्या वर जाई. त्यानंतर विंडोज बऱ्यापैकी वेगाने येत होतं. हा भेद महत्त्वाचा. लोगोच्या आधी वेळ जात असेल तर विंडोज साफ करून काही उपयोग नाही. दोष बायोसच्या टप्प्यात आहे. टास्क मॅनेजरच्या स्टार्टअपच्या पानावर ‘लास्ट बायोस टाइम’ म्हणून आकडा असतो, विंडोज 8 पासून. तो इथे भलताच मोठा होता. टेबलामागे चार तोंडांचा हब, त्याला अडॅप्टर नाही, आणि त्यात प्रिंटर, वेबकॅम, हेडसेट यांच्या जोडीला ती डिस्क.

डिस्कला कान लावला. टक्, मग फिरण्याचा प्रयत्न, मग पुन्हा टक्. आजार तिथेच कळला. स्वतःचा अडॅप्टर नसलेल्या हबने नियमाप्रमाणे प्रत्येक पोर्टाला 100 मिलिअँपियर द्यायचे असतात. स्वस्त हब तो नियम पाळतातच असं नाही; मिळेल तेवढा करंट ते सगळ्यांत वाटून टाकतात. कॉम्प्युटरच्या यूएसबी 2.0 पोर्टातून एका वस्तूला 500, यूएसबी 3.0 मधून 900. अडीच इंची फिरणारी डिस्क गती घेताना थोडा वेळ एक अँपियरच्या आसपास ओढू शकते. इतर तिघांना वाटून उरलेल्या विजेवर ती उठू बघायची, अर्ध्यावर कोसळायची, पुन्हा उठायची. बायोसच्या दृष्टीने तिथे वस्तू आहे, ती उत्तर देऊ लागते आणि मध्येच गप्प होते. मग रीसेट, पुन्हा विचारणा, पुन्हा वाट.

अशा वेळी वेग नंतर. आधी फोटो. डिस्क हबवरून काढून आखूड, चांगल्या केबलने थेट मदरबोर्डच्या मागच्या पोर्टात लावली. केबल आखूड असावी हा माझा आग्रह असतो, लांब बारीक केबलमध्ये व्होल्टेज पडतं. डिस्क नीट फिरली. सगळे फोटो दुसऱ्या डिस्कवर उतरवले, दोन-चार फोल्डर उघडून ताईंना दाखवले, आणि मगच तिच्या प्रकृतीचे आकडे बघितले. ते ठीक होते. अर्धपोटी उठ-बस करत राहिली असती तर फार काळ ठीक राहिले नसते. प्रिंटर आणि वेबकॅमसाठी अडॅप्टरवाला हब आणायला सांगितलं. टेबलावरून एकही वस्तू कमी झाली नाही आणि लोगो काही सेकंदांत येऊ लागला.

डिस्कची दुसरी एक सवय घरोघरी असते: काम झालं की वायर ओढून काढणे. लिहिणं अर्धवट राहिलं असलं तर विंडोज त्या डिस्कवर ‘तपासणी बाकी’ अशी खूण ठेवतं आणि ती जोडलेली असताना मशीन चालू केलं तर आधी तपासणी करत बसू शकतं. 1809 या आवृत्तीपासून विंडोज 10 ने ‘झटपट काढता यावी’ अशी मांडणी मुळातच ठेवली, त्यामुळे हे कमी झालं, संपलं नाही. मी मुलांना सांगतो, दिवा लुकलुकायचा थांबेपर्यंत हात लावू नका. मुलं ऐकतात. मोठ्यांना पुन्हा सांगावं लागतं.

पेनड्राइव्हचा प्रकार वेगळा. तो उत्तर देतो, पण चुकीच्या वेळी मान डोलावतो. जुन्या पद्धतीचा बायोस बूट होताना पहिल्या 512 बाइटांत बघतो आणि शेवटी 55 एए ही दोन बाइटांची खूण दिसली की ताबा तिकडे देतो. साध्या गाण्यांच्या पेनड्राइव्हवरही ही खूण असू शकते. मग काळ्या पडद्यावर कर्सर लुकलुकत राहतो आणि घरातले म्हणतात मशीन मेलं. पेनड्राइव्ह काढला की जिवंत. बूटच्या क्रमात आतली डिस्क पहिली ठेवली की प्रश्न कायमचा मिटतो.

लोगोनंतरचा उशीर ही निराळी गोष्ट. तिथे वस्तूपेक्षा तिच्यासोबत आलेलं सॉफ्टवेअर जास्त वेळ घेतं. प्रिंटरबरोबर शाई मोजणारा, स्कॅन पाठवणारा, नवी आवृत्ती शोधणारा असा लवाजमा येतो आणि तो सगळा लॉगिनच्या क्षणी उठून बसतो. प्रिंटर विकला तरी लवाजमा राहतो, आणि नसलेल्या प्रिंटरला हाका मारत बसतो. इथे इव्हेंट व्ह्यूअरमधली डायग्नॉस्टिक्स-परफॉर्मन्सची नोंदवही उघडायची. 100 क्रमांकाच्या नोंदीत एकूण बूटचा वेळ, 102 मध्ये उशीर करणारा ड्रायव्हर, 109 मध्ये उशीर करणारी वस्तू. आणखी एक खात्री करून घ्यावी लागते. विंडोज 8 पासून ‘शट डाउन’ केलं तरी गाभा झोपवून डिस्कवर ठेवला जातो आणि चालू करताना तोच उठवतात. खरी नवी सुरुवात ‘रीस्टार्ट’ने होते. म्हणून मी दोन्ही वेळा मोजतो. शट डाउननंतर मंद आणि रीस्टार्टनंतर ठीक, असं असेल तर झोपेतून न उठणारा एखादा ड्रायव्हर शोधायचा.

मोजणं हा शब्द मी मुद्दाम वापरतो. फोनचं स्टॉपवॉच लावून तीन टप्पे: बटण ते लोगो, लोगो ते लॉगिन, लॉगिन ते खरोखर काम करता येईपर्यंत. आधी फक्त कीबोर्ड, माउस, मॉनिटर. मग निम्म्या वस्तू लावायच्या. फरक पडला तर दोषी त्या निम्म्यांत, नाही तर उरलेल्यांत. एकेक लावत बसण्यापेक्षा हे लवकर होतं. तरीही सापडलं नाही तर लिनक्सच्या पेनड्राइव्हवरून मशीन उठवतो आणि कर्नलची नोंद वाचतो. तिथे ‘डिव्हाइस डिस्क्रिप्टर रीड’ आणि पुढे एरर उणे 110 दिसलं, म्हणजे विचारणा केली आणि मुदत संपेपर्यंत उत्तर आलं नाही. कुठला पोर्ट, तेही लिहिलेलं असतं. मला ही नोंद वाचायला फार आवडतं. सेकंदाच्या दहा लाखाव्या भागापर्यंत प्रत्येकाची वेळ तिथे सांगितलेली असते, कोणावर उगाच आळ येत नाही.

दोह्याच्या हवेचाही यात वाटा आहे. शमाल वाऱ्याबरोबर पिठासारखी धूळ येते, ऑगस्ट-सप्टेंबरात दमट हवेने ती पोर्टाच्या पत्र्यांवर चिकटते. वायर लावलेली दिसते, संपर्क मात्र येतो-जातो. ते सुरुवातीचे 100 मिलिसेकंद संपर्क तुटला की पुन्हा पहिल्यापासून मोजावे लागतात. नवा प्रिंटर घ्यायला निघालेल्या माणसाला मी पुष्कळदा मऊ ब्रश आणि आयसोप्रोपिल अल्कोहोलवर थांबवलं आहे.

इथे एक काका आहेत. आपल्या मंडळींच्या गणपतीची पत्रकं, लग्नपत्रिकांचे मजकूर तेच जुळवतात. पुण्याहून आणलेलं जुनं डीटीपीचं सॉफ्टवेअर, त्याचं डोंगल म्हणजे मशीनला लावल्याशिवाय ते उघडत नाही अशी चावी, आणि ते जपण्यासाठी जपलेलं जुनं मशीन. नव्या पिढीला हे ठाऊक नाही, पण मराठी अक्षरं कॉम्प्युटरवर एके काळी जोडलेल्या वस्तूंच्याच आधाराने आली. डॉसच्या काळात पुण्याच्या सी-डॅकचं जिस्ट कार्ड होतं. मशीनमध्ये ते कार्ड बसवावं तेव्हा पडद्यावर देवनागरी उमटायची. पुढे विंडोज 2000 मध्ये मंगल फॉन्ट आणि युनिकोड देवनागरी आली आणि मराठी लिहायला वेगळ्या हार्डवेअरची गरज उरली नाही. तरी काकांच्या सगळ्या फाइली जुन्या फॉन्टात आहेत. डोंगल तपासणारी सेवा सुरुवातीला थोडा वेळ घेते. काकांनी विचारलं, ‘हे काढलं तर लवकर चालू होईल का?’ मी म्हटलं, ‘होईल, पण राहू द्या काका.’ ती सेवा विंडोजबरोबर न उठता सॉफ्टवेअर उघडल्यावर उठेल एवढं करून दिलं.

अलीकडे नवा पेच येतो तो डॉकचा. लॅपटॉपला एकच वायर, आणि तिच्यामागे मॉनिटर, नेटवर्क, आवाज, कार्ड रीडर, हबच्या पोटात हब. यूएसबीत मूळ कंट्रोलरपासून वस्तूपर्यंत मध्ये पाचच हब चालतात. डॉकमध्ये आधीच एक-दोन असतात आणि लोक त्याला आणखी हब लावतात. डॉकमधलं नेटवर्कही बूटच्या रांगेत उभं राहतं. ऑफिसच्या लॅपटॉपमध्ये नेटवर्कवरून बूट होण्याची सोय पुष्कळदा चालू ठेवलेली असते. घरी उत्तर देणारा सर्व्हर नसतो, आणि पत्ता मिळवण्याचे त्याचे प्रयत्न 4, 8, 16, 32 सेकंद असे वाढत जातात. सगळे फसले तर एक मिनिट तिथेच जातं. डॉक काढून मशीन चालू केलं की ताबडतोब उठतं, त्यामुळे लोक डॉकलाच खराब ठरवून दुसरा आणतात, आणि दुसऱ्यानेही तेच होतं. घरचा लॅपटॉप असेल तर मी बूटच्या क्रमातून नेटवर्क खाली घालतो आणि डॉकचं फर्मवेअर नवं करतो. ऑफिसच्या लॅपटॉपच्या बायोसला हात लावत नाही. त्यांच्या आयटीवाल्यांसाठी कागदावर लिहून देतो: डॉकसह बटण ते लोगो किती सेकंद, डॉकशिवाय किती, डॉक लावून पण नेटवर्कची केबल काढून किती, आणि पडद्यावर मध्येच आलेली ओळ जशीच्या तशी. एवढं लिहिलेलं असलं की तिकडचा माणूस पहिल्या फोनातच काम करून देतो.